खोटंखोटं

इंग्रजीत 'फेन' नावाचं एक क्रियापद आहे. स्पेलिंग एफ, ई, आय, जी, एन. यातला 'जी' उच्चारात कुठेच येत नाही. लग्नाच्या पंगतीत हातात वाढायचं भांडं नसताना 'सावकाश होऊ द्या' म्हणत फिरणारे एखादे काका असतात, तसा तो नुसता हजर. शब्दाचा अर्थ सोंग आणणे, तेव्हा त्याच्या पोटातच एक अक्षर कामात असल्याचं सोंग घेऊन बसलंय हे एका परीने शोभूनच दिसतं. मराठी शाळेत इंग्रजी शिकलेली मंडळी हा शब्द पहिल्यांदा 'फेग्न' असाच वाचतात. पुढे कधीतरी कुणाच्या तोंडून 'फेन' ऐकलं, की आपल्याला हे आधीपासूनच ठाऊक होतं असा चेहरा करतात. तो जो चेहरा, तेच फेन.

कोशात या शब्दासमोर 'ढोंग करणे' लिहिलेलं असतं, ते मला पटत नाही. ढोंगाला पापाचा वास येतो. ढोंग उघडं पडतं, सोंग वठतं. ढोंग्याला लोक शिव्या देतात आणि सोंगाड्याला बिदागी. फेन या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतं, पण कललेलं सोंगाकडे. शिवाय इंग्रज माणूस ते वाटेल तिथे वापरत नाही. आजारपण फेन करतात, झोप फेन करतात. अज्ञान, आश्चर्य, आस्था, इतकंच काय, मरणसुद्धा. म्हणजे जे आत असायला हवं आणि नाही, ते. खाकी कपडे चढवून फौजदार व्हायचं असेल तर तिथे सहसा 'प्रिटेंड' लागतं. आपलं सोंग दोन्हीकडे चालतं, फौजदाराचंही आणि झोपेचंही. फक्त पैशाचं सोंग आणता येत नाही असं आपली म्हण सांगते. पण ती म्हण हप्त्यावर मोबाईल आणि भाड्याने शेरवानी मिळायला लागण्याच्या आधीची आहे.

फेन इंग्रजीत आलं फ्रेंचमार्गे, लॅटिनमधून. मूळ धातू 'फिंगेरे', अर्थ घडवणे, मातीला हाताने आकार देणे. 'फिक्शन' आणि 'फिगर' याच घरातले. भाषाशास्त्रज्ञ आणखी मागे जातात, तेव्हा त्यांना संस्कृतातला 'दिह्' म्हणजे लिंपणे आणि त्यातून आलेला 'देह' भेटतो. मळलेल्या कणकेला इंग्रजीत 'डो' म्हणतात, तोही याच गोतावळ्यातला. तर सोंग, देह आणि कणीक ही चुलत भावंडं झाली. एखाद्या कीर्तनकारबुवांच्या हाती ही व्युत्पत्ती लागली तर त्यांच्या पूर्वरंगाची सोय होईल. मी ती त्यांच्यासाठी सोडून पुढे जातो.

घडवणं कुठे संपतं आणि बनाव कुठे सुरू होतो, या वादात न्यूटनलाही ओढलं गेलं आहे. १७१३ साली 'प्रिन्सिपिया'च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने लिहिलं, की गुरुत्वाकर्षण का असतं ते मला सापडलेलं नाही आणि त्याबद्दल मी गृहीतकं 'फिंगेरे' करत बसत नाही. १७२९ मध्ये अँड्र्यू मॉटने भाषांतर करताना तिथे 'फ्रेम' म्हणजे 'रचणे' घातलं. विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी हरकत घेतली, तिथे 'फेन'च हवं. न्यूटन म्हणतोय की मी मनचे मांडे खात नाही. मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. एवढ्या मोठ्या माणसाने छापील ग्रंथात 'ठाऊक नाही' म्हणून टाकलं, आणि आमच्या पेठेत रस्ता विचारला तर 'ठाऊक नाही' असं उत्तर देणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

या घराण्यातला माझा सर्वांत लाडका शब्द मात्र 'फेंट', बेशुद्ध पडणे. हाही त्याच फ्रेंच क्रियापदातून आला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता 'सोंग घेतलेला'. पुढे अर्थ सरकत गेला: कामचुकार, भित्रा, अशक्त आणि शेवटी मूर्च्छित. म्हणजे तार वाचून धाडकन कोसळणारी सिनेमातली आई व्युत्पत्तीच्या दृष्टीने पहिल्यापासूनच संशयित आहे.

व्याकरणाच्या पुस्तकात हे क्रियापद सकर्मक आहे. कर्ता एक, कर्म एक, काम झालं. प्रत्यक्षात मात्र त्याला आणखी एक माणूस लागतो, ज्याच्यापुढे सोंग आणायचं तो. बंद खोलीत एकट्याने आजारपणाचं सोंग घेऊन दाखवा बरं. आणि गंमत अशी, की या तिसऱ्याला बहुतेक वेळा सगळं कळलेलं असतं. कळूनही न कळल्यासारखं करायचं, हे खरं कष्टाचं काम तो करत असतो आणि वाहवा मात्र पहिल्याला मिळते.

चाचणी परीक्षेच्या दिवशी सकाळी पोटात दुखणं हा आमच्या पिढीचा साथीचा रोग होता. आईने 'नक्की कुठे दुखतंय?' विचारलं की बोट बेंबीपाशी जायचं. तिने भाजी परतून येऊन पुन्हा विचारलं की बरगडीखाली. काखेत कांदा धरला की ताप चढतो, ही विद्या वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे इमानेइतबारे येत होती. कुणाला ताप चढल्याचं ऐकिवात नाही, वास मात्र चढायचा. आई चिमूटभर ओवा तळहातावर ठेवायची, चावून खा म्हणायची, वर कोमट पाणी. मग 'आज खेळायला जायचं नाही, दिवसभर पडून राहायचं' ही शिक्षा औषधाच्या सुरात ऐकवायची. शाळा भरून अर्धा तास झाला की दुखणं ओसरायला लागायचं. दुपारी मऊ भात, मेतकूट, वर तूप. मुलाला वाटायचं, फसवलं. तिला बेंबीपासून बरगडीपर्यंतच्या त्या प्रवासातच सगळं उमगलेलं असायचं. तरीही ती कपाळाला हात लावून 'अंग कोमट लागतंय खरं' असं म्हणायची, तेव्हा रंगभूमीवरच्या मोठमोठ्या नटांनी तिच्याकडून चार गोष्टी शिकाव्यात.

मोठेपणी ओव्याची जागा सर्टिफिकेटने घेतली. हापिसात याला 'मेडिकल टाकणं' म्हणतात. गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या खात्यात व्हायरल तापाची लागण व्हायची, आणि ती नेमकी कणकवलीच्या पलीकडे घर असलेल्यांनाच. गौरी-गणपती विसर्जन झालं की मंडळी परत यायची, उन्हाने रापलेली, आरत्या म्हणून घसा बसलेली. बसलेला घसा पुरावा म्हणून कामाला यायचा. एक गृहस्थ तर मेडिकलवरून परत आले ते थेट साहेबांच्या टेबलावर मालवणी खाज्याची पुडी ठेवूनच. साहेबांनी पुडी सोडली, गूळ आणि आल्याचा वास घेतला, एक कांडी तोंडात टाकली, दुसरी हातात घेतली आणि रजेच्या अर्जावर सही करता करता विचारलं, "मग, आता बरं वाटतंय ना?" गृहस्थ म्हणाले, "थोडा अशक्तपणा आहे, साहेब." साहेब म्हणाले, "जपा." या संवादात दोघांनीही एकमेकांना कुठेच फसवलेलं नाही. खाजं फार सुरेख होतं, हेही नोंदवून ठेवतो.

सगळीच खोटी दुखणी रजेसाठी नसतात. रिचर्ड ॲशर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९५१ साली 'लॅन्सेट'मध्ये अशा रोग्यांबद्दल लिहिलं, जे या इस्पितळातून त्या इस्पितळात जातात, दुखण्याच्या रंगीत कहाण्या रचतात, प्रसंगी पोट फाडूनही घेतात. गप्पाष्टकांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुंचहाउझेन या जर्मन सरदाराचं नाव त्याने या विकाराला दिलं. यांना रजा नको असते, विम्याचे पैसे नको असतात. रोगी म्हणून कुणी उशाशी बसावं एवढंच हवं असतं. यावर विनोद करवत नाही.

विनोद करावा तो इंग्रजांच्या कोर्टांवर. जमिनीच्या मालकीचे त्यांचे जुने दावे इतके किचकट होते, की वकिलांनी आडवाट काढली. मालकी सांगणारा म्हणायचा, मी ही जमीन जॉन डोला पट्ट्याने दिली आणि रिचर्ड रोने त्याला हुसकून लावलं. ना डो अस्तित्वात, ना रो. पण डोला हुसकलं ते योग्य की अयोग्य हे ठरवताना मूळ मालक कोण ते आपोआप ठरायचं. न्यायाधीशांना ठाऊक, वकिलांना ठाऊक, पट्टेवाल्यालाही ठाऊक. हा मामला १८५२ च्या कायद्यापर्यंत चालला. दुसरी तऱ्हा याहून बहारदार. चान्सरी कोर्टात ज्यूरी नसायची. एखादी गोष्ट खरी की खोटी हे ज्यूरीकडून ठरवून घ्यायचं असेल, तर दोन्ही पक्षांत त्या गोष्टीवर पैज लागली आहे असं मांडायचं आणि पैज कुणी जिंकली ते विचारायला ज्यूरीपुढे जायचं. पैज लागलेलीच नसायची. या प्रकाराचं कायद्याच्या पुस्तकातलं नावच 'फेन्ड इश्यू', सोंगाचा मुद्दा. १८४५ च्या जुगारविषयक कायद्याने तो बंद केला. डोक्यावर केसांचा टोप घातलेली ती गंभीर माणसं शतकानुशतकं एकमेकांकडे बघून न हसता हे कसं करत असतील?

आपल्याकडे हे काम बहुरूपी करायचा आणि तो निदान हसवायचा तरी. इस्त्री नसलेली खाकी, कमरेला पट्टा, हातात फाटकी वही. दारात उभा राहून बायकोला न विचारता चहा घेतल्याच्या कलमाखाली घरधन्यावर वॉरंट काढायचा. घरधनी हात जोडायचा, "साहेब, या खेपेला सोडा." आजी आतून सुपात तांदूळ घेऊन यायची आणि आणताना 'पोलीस आले गं बाई' म्हणून घाबरायची. सुपात तांदूळ आधीच काढून ठेवलेले होते, कारण तो तीन घरं अलीकडे होता तेव्हाच त्याचा आवाज तिने ओळखलेला असायचा.

हे सगळं झालं माहीत असणाऱ्यांचं. काही वेळा तिसऱ्या माणसाला विश्वास ठेवायची इतकी गरज असते, की सोंग कसं आहे हे पाहायला तो थांबतच नाही. इंग्रजीत 'प्रिटेंड'चा जुना अर्थ दावा सांगणे असा होता. म्हणून इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणारा जेम्स स्ट्यूअर्ट इतिहासात 'ओल्ड प्रिटेंडर' झाला आणि त्याचा मुलगा चार्ल्स 'यंग प्रिटेंडर'. जेम्स खराच राजाचा मुलगा. पण १६८८ साली तो जन्मला तेव्हा विरोधकांनी हूल उठवली, की हे मूल राणीचं नव्हेच, अंथरूण उबवायच्या निखाऱ्यांच्या भांड्यात लपवून कुणाचं तरी पोर आत नेलं. लोकांनी ते मानलं, कारण त्यांना तो राजा नको होता. आपला तोतया याच्या नेमका उलट. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे मीच भाऊ म्हणणारा एक इसम उभा राहिला. तो पकडला गेला, कैदेत पडला, सुटला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, फौज जमली. १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. एवढी माणसं त्याच्यामागे गेली ती काही सगळी त्याच्या अभिनयावर भाळून गेली नसणार. भाऊ परत यायला हवे होते. खुद्द भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नव्हतं. न. चिं. केळकरांनी या तोतयावर नाटक लिहिलं, म्हणजे भाऊचं सोंग घेणाऱ्याचं सोंग रंगभूमीवर कुणा नटाने घेतलं.

आणि शत्रूपुढचं सोंग? तिथे समजून घेणारं कुणी नसतं. वेड पांघरून पेडगावला जाणं आपण भाषेत जपून ठेवलंय. ते पेडगाव श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी आहे आणि शहाणी माणसंही तिथे एसटीने जातात. पण मराठी माणसाने 'आजारपण फेन करणे' हे उदाहरण द्यायचं तर ते आग्र्याचंच. १६६६ चा उन्हाळा-पावसाळा, भोवती फुलादखानाचे पहारे. महाराजांनी दुखणं घेतलं आणि बरं वाटावं म्हणून दानधर्मासाठी मिठाईचे पेटारे बाहेर जाऊ लागले. पहारेकऱ्यांनी आधी झाकणं उघडून पाहिली. रोज तीच मिठाई, रोज तेच भोई. मग नुसतं बघून सोडू लागले आणि शेवटी बघेनासेही झाले. १७ ऑगस्टला महाराज निसटले. पलंगावर हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन पडलेला आणि महाराजांची अंगठी असलेला हात तेवढा बाहेर. आपण नेहमी पेटाऱ्यांची आठवण काढतो. मला वाटतं, या बेतात खरी कमाल होती ती पहारेकऱ्यांच्या कंटाळ्याचा हिशेब इतका अचूक बांधण्यात.

हल्लीच्या काळात आजारपण फेन करण्याचं क्षेत्र बदललं आहे. अटकेचं वॉरंट दाखवलं की पुढाऱ्यांच्या छातीत दुखू लागतं. छातीतच, गुडघ्यात कुणाच्या दुखल्याचं वाचलेलं नाही. मग स्ट्रेचर, मग वातानुकूलित खोली, मग दारात हात जोडून उभे कार्यकर्ते. बातमीत 'प्रकृती स्थिर' असं छापून येतं आणि आपण चहा पिता पिता ते वाचतो, पान उलटतो. इथे माझं मत साफ आहे. आईने ओवा दिला, साहेबांनी खाजं खाल्लं, त्यात कुणाचं काही गेलं नाही. या छातीदुखीत मात्र जातं ते आपलं, आणि म्हणून ती ऐकून घेताना मान डोलावू नये.

मुलांकडे यासाठी एक स्वच्छ शब्द आहे, खोटंखोटं. 'हा खोटंखोटं चहा आहे,' असं सांगून चार वर्षांची यजमानीण बोळक्यातून काहीच नसलेलं काहीतरी ओतते. तुम्ही फुर्र करून प्यायलात तर ती समाधानाने बघते. 'काहीच नाहीये यात' म्हणालात तर तिला तुमची कीव येते. उत्साहाच्या भरात तुम्ही 'साखर कमी आहे' म्हणालात, तर मात्र ती गंभीरपणे उठते आणि नसलेल्या डब्यातून नसलेली साखर आणते. ती फसवत नाही, फसतही नाही. भातुकली आवरली की बोळकी टोपलीत आणि खऱ्या दुधासाठी भोकाड.

मोठ्यांना हा शब्द उच्चारता येत नाही, म्हणून त्यांची पंचाईत होते. सर्वांत मोठी पंचाईत लग्नाच्या हॉलमध्ये. अक्षता पडलेल्या असतात, सनईच्या रेकॉर्डवर डीजेची तपासणी चालू असते, आणि गर्दीतून एक हसरा चेहरा तुमच्या दिशेने येतो. खांद्यावर थाप. "काय, ओळखलंस का?" यावर 'नाही' म्हणायची हिंमत न्यूटनला झाली असती. आपण म्हणतो, "अरे! न ओळखायला काय झालं?" आणि पुढची दहा मिनिटं अंधारात भिंत चाचपत चालावं लागतं. घरचे सगळे कसे आहेत? मजेत. हल्ली कुठे असता? तिथेच. तिथेच म्हणजे कुठे, हे विचारायची सोय नाही. मुलीचं काय चाललंय, असं विचारावं तर त्याला दोन मुलगे निघतात. एवढ्यात शेजारी बायको येऊन उभी राहते आणि ओळख करून द्यायची वेळ येते, तेव्हा 'अहो, हे म्हणजे आपले...' एवढ्यावर वाक्य लोंबकळत ठेवून कुल्फीच्या स्टॉलकडे बघावं लागतं. समोरच्याला आपली तारांबळ दिसत असते. बहुतेक तो सभ्यपणे न दिसल्यासारखं करतो. क्वचित एखादा म्हणतो, "नाव सांग बघू माझं!" अशा माणसाला अक्षतांऐवजी खडे मारण्याची मुभा धर्मशास्त्रात असायला हवी होती.

तेव्हा वाचकहो, लग्नसराई तोंडावर आली आहे आणि आपण सगळेच पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. कुणाला भेटलात तर आधी नाव सांगा, मग गाव सांगा, नातं असेल तर तेही कुणाकडून ते सांगा. 'ओळखलंस का?' एवढं मात्र विचारू नका.